परिषदेनंतरचा सोमवार

मित्रहो, मानसोपचाराच्या परिषदांची एक ठरलेली रीत आहे. उद्घाटन लांबतं, मग सगळीच सत्रं पुढे सरकतात आणि शेवटच्या वक्त्याला ‘दोन मिनिटांत आवरा’ अशी चिठ्ठी जाते. हा शेवटचा वक्ता बहुधा वस्त्यांमध्ये काम करणारा असतो. नव्या औषधांना मोठं सभागृह, रुग्णांच्या पुनर्वसनाला कोपऱ्यातली खोली. आपल्या लेखी कशाला किती किंमत आहे, हे तिथेच कळतं.

तरी परिषदांनी काही घडवलंच नाही, असं मी म्हणणार नाही. १९७२ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची वार्षिक सभा डॅलसला भरली होती. समलैंगिकता तेव्हा आजारांच्या यादीत होती. डॉ. जॉन फ्रायर मुखवटा घालून, आवाज बदलणाऱ्या माइकवरून ‘डॉ. एच. अनॉनिमस’ या नावाने बोलले. आपण समलैंगिक आहोत आणि मानसोपचारतज्ज्ञही आहोत, असं त्यांनी सांगितलं. डिसेंबर १९७३ मध्ये संघटनेने समलैंगिकतेला त्या यादीतून वगळायचं ठरवलं. एका भाषणाने हे झालं नाही. कार्यकर्ते आधीपासून झगडत होते. पण ज्यांच्यावर इतकी वर्षं शोधनिबंध वाचले जात होते, त्यांच्यातलाच एक जण, तोही आपलाच सहकारी, समोर उभा होता. १९८७ मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्तला तर इतरांना ऐकू न येणारे आवाज ज्यांना ऐकू येतात, अशा माणसांचीच परिषद भरली. मानसोपचारतज्ज्ञ मारियस रोम यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. काही जण त्या आवाजांसह नीट जगत होते, आणि ते कसं, हे त्यांच्याचकडून ऐकायचं होतं.

आता प्रशिक्षणाकडे येतो. जागतिक आरोग्य संघटनेचा ‘एमएच गॅप’ हा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम २००८ मध्ये सुरू झाला. मानसोपचारतज्ज्ञ पुरेसे नाहीत, तेव्हा साधे डॉक्टर, परिचारिका, आरोग्यसेविका यांना शिकवा, हा त्यामागचा विचार. विचार रास्तच आहे. आपण मात्र शिकवतो कसं? स्लाइड दाखवून. आणि रोल-प्ले घेतला, तर त्यातला रुग्ण भलताच शहाणा असतो, विचारलं तेवढं मुद्देसूद सांगतो. खरा रुग्ण म्हणतो, ‘डोकं दुखतंय, झोपेची गोळी द्या.’ पुढचं सगळं तुम्ही काढून घ्यायचं.

सगळ्यांत अवघड जातो तो आत्महत्येविषयीचा प्रश्न. ‘तसं काही मनात नाही ना?’ असं विचारलं की समोरचा ‘नाही’च म्हणणार, उत्तर आपणच त्याच्या तोंडात घातलेलं असतं. थेट विचारल्याने तो विचार डोक्यात भरवला जात नाही, हे स्लाइडवर वाचून सगळे माना डोलावतात. तोंडातून वाक्य काढायची वेळ आली की जीभ अडखळते. ते दहा वेळा म्हणून घ्यावं लागतं, आणि शेजारी बसून कुणीतरी ऐकावं लागतं.

झिम्बाब्वेतल्या ‘फ्रेंडशिप बेंच’ या मानसिक आरोग्याच्या उपक्रमाचं कौतुक आपण फार करतो. दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर बसून लोकांचं ऐकून घेणाऱ्या, त्यासाठी शिकवून तयार केलेल्या आज्या सगळ्यांच्या लक्षात राहतात. त्यांच्या पाठीशी नियमित देखरेख असते, अडलेली केस घेऊन त्यांना कुणाकडे तरी जाता येतं, हे मात्र आपण विसरतो. आपल्याकडे प्रमाणपत्र दिलं, सामूहिक फोटो काढला की प्रशिक्षण संपलं. सोमवारी ती परिचारिका पुन्हा एकटी.

म्हणून आयोजकांना माझं सांगणं आहे: एक पाहुणा वक्ता कमी बोलवा, आणि वाचलेल्या पैशातून पुढचे सहा महिने, पंधरवड्याला एकदा, या लोकांच्या केसेस ऐकायला कुणाला तरी नेमा.