खापरपणजोबांच्या पदकाची कड

नमस्कार श्रोतेहो. दिवाळीच्या सुट्टीत पुण्यातली मुलं गावी जातील, तिथल्या आजीआजोबांकडून घरातल्या युद्धाच्या आठवणी कशा विचारून घ्यायच्या, याबद्दल त्याआधी त्यांच्या आईबाबांशी थोडं बोलायचं आहे.

मी इतिहास शिकवते. सातवीतल्या एका मुलीने सातारा जिल्ह्यातल्या आजोळहून एक काळपट पदक आणलं होतं. आजीने ते देवघराच्या फडताळात जपलेलं. भिंग लावून आम्ही त्याची कड वाचली. नंबर, हुद्दा, पणजोबांच्याही वडिलांचं नाव आणि शेवटी पलटण: ११७ मराठा. ही पलटण पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होती, आणि ज्या डिव्हिजनमध्ये होती तिचं नावच पुणे डिव्हिजन! डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ ती कुत शहरात वेढ्यात अडकली. उपासमार झाली, शरणागती झाली, आणि कैदेत कितीतरी जण दगावले.

बसऱ्याला त्या आघाडीवरच्या मृतांचं स्मारक उभं राहिलं. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावं कोरली गेली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. आपल्या साध्या शिपायांच्या वाट्याला पलटणीच्या नावापुढे नुसता आकडा आला. मला हे फार लागतं. म्हणून घरातलं नाव घरानेच जपायला हवं.

मुलांना ‘युद्धाबद्दल सांगा’ असं विचारायला लावू नका, त्यावर कुणी बोलत नाही. पत्र आलं की ते कोण वाचून दाखवायचं? मनिऑर्डर किती यायची? रजेवर येताना काय आणायचे? अशा प्रश्नांवर आजी तासभर बोलते. घरात कुणी फौजी नसेल, तरी १९७१ साली खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवलेले तिला आठवत असतील. तेही युद्धच. एखादे निवृत्त सुभेदार आजोबा मधेच गप्प झाले, तर मुलांनी विषय तिथेच सोडावा. त्यांना पुन्हा छेडू नये.

पदक मात्र चिंचेने घासू नका, कडेवरची अक्षरं झिजतात. फोटो काढा, नाव, गाव, पलटण वहीत उतरवा. खडकीची युद्ध दफनभूमी, सदर्न कमांडचं युद्धस्मारक नंतर जरूर दाखवा. वही हातात असली, की तिथे मूल स्वतःहून नावं वाचायला लागतं.

आणि शिक्षकमित्रांनो, सुट्टीनंतर एक तास या वह्यांसाठी राखून ठेवा. भिंतीवर जगाचा नकाशा लावा आणि ज्याने-त्याने आपल्या माणसाचं ठिकाण त्यावर शोधू दे.