शिष्यवृत्ती अडते कुठे?

नमस्कार श्रोतेहो.

खानापूर, निपाणी, चिकोडीकडून बेळगावात डिग्रीला येणारी मुलं मी वर्षानुवर्षं पाहिली. कॉलेजच्या ऑफिसात शिष्यवृत्तीचं काम माझ्याकडे होतं. मार्क कमी पडले म्हणून पैसे हुकले, असं क्वचित झालं. नावापायी मात्र दरवर्षी.

एक मुलगी आठवते. मराठी माध्यमातली, वडील शेतकरी. मार्क्स कार्डावर आडनाव आधी, आधारवर शेवटी; वडील एकीकडे कृष्णा, दुसरीकडे कृष्णाजी, आणि उत्पन्नाच्या दाखल्यावर कन्नडमध्ये तिसरंच काही. कर्नाटक राज्याचं शिष्यवृत्तीचं पोर्टल, एसएसपी, नावं ताडून पाहतं. तिचा अर्ज अडला. दाखले देणारी नाडकचेरी, आधार केंद्र, परत कॉलेज, या खेपांत मुदत टळली. त्या वर्षी आईनं कानातलं मोडून फी भरली. अजून जिवाला लागतं ते.

म्हणून पालकांनो, पीयूसीच्या, म्हणजे बारावीच्या, निकालाची वाट पाहू नका. आजच सगळे कागद शेजारी-शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर जुळवा. जात-उत्पन्नाच्या दाखल्यावरचा 'आरडी'नं सुरू होणारा नंबर जपून ठेवा, अर्जात तोच लागतो.

खात्याचंही तसंच. पैसे कुठल्या बँकेत पडायचे, हे एनपीसीआय या बँकांचे व्यवहार जोडणाऱ्या संस्थेकडच्या आधार नोंदीवर ठरतं. दोन खाती असली तर ही नोंद शेवटी जिथे केली, तिथे ते जातात. 'आलेच नाहीत' म्हणून रडणाऱ्या पोराचे पैसे गावाकडच्या जुन्या पासबुकात निघालेले मी पाहिलेत.

केंद्राच्या शिष्यवृत्तीत पदवीला वर्षाला १२,००० रुपये मिळतात. ती राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायची. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत हवं आणि बारावीत आपल्या शाखेत ८० पर्सेंटाइलच्या वर. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, शंभरातल्या किती मुलांच्या पुढे आहात ते! ७५ टक्केवाल्यानं परस्पर नाद सोडू नये, आधी चौकशी करावी.

आणि शेतकऱ्यांच्या मुलांसाठी २०२१ साली सुरू झालेली राज्याची शिष्यवृत्ती, रैत विद्यानिधी. बीए, बीकॉम, बीएस्सीला मुलग्याला ५,०००, मुलीला ५,५०० रुपये ठरले. त्यासाठी आई किंवा वडिलांच्या नावे एफआयडी, म्हणजे जमिनीच्या नोंदीवरून मिळणारा शेतकरी ओळख क्रमांक, लागतो. आपल्याकडे किती घरांत उतारा अजून आजोबांच्याच नावावर आहे! तुमच्या घरी तसं असेल, तर मुलगी दहावीत असतानाच वारस लावून घ्या.