विहिरीवरचा कंडेन्सर

श्रोतेहो, नमस्कार.

जुन्या ट्रान्झिस्टरवर 1251 किलोहर्ट्झला सांगली केंद्र ज्यांनी लावलंय, त्यांनी चावी केसभर इकडंतिकडं फिरवून बघितली असेल. आत फेराइटच्या काळ्या कांडीवर तारेची कॉइल असते आणि चावीबरोबर पात्या सरकणारा गँग कंडेन्सर. कंडेन्सर म्हणजे थोडी वीज साठवून परत देणारा भाग. 792 वरच्या पुण्याची लहरही त्याच कांडीवर आदळत असते; पण दोघांचा मेळ 1251 ला जमला, की सांगली तेवढी उचलली जाते. ही निवड करायला सेलमधली वीज लागत नाही. आवाज मोठा करायचा तर मात्र ट्रान्झिस्टर हवा. कॉइल, कंडेन्सर, रेझिस्टन्स ही मंडळी स्वतःची भर घालत नाहीत. रेझिस्टन्स विजेची उष्णता करून टाकतो. उरलेले दोघे घेतलेलं जवळजवळ सगळं परत देतात.

आता विहिरीवर येऊ, कारण आपल्याकडं खरा घोळ तिथं आहे. मोटरला पाणी उपसायला वीज लागते ती वेगळी. शिवाय आतलं चुंबकत्व उभं करायलाही करंट लागतो. तो खर्च होत नाही, डीपीपासून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून, विहिरीपर्यंत नुसता ये-जा करतो. पण तेवढ्यानंही वायर तापते आणि व्होल्टेज पडतं. मोटरजवळ योग्य कंडेन्सर बसवला, की ही देवघेव जाग्यावरच होते. 5 एचपीच्या मोटरला साधारण 2 केव्हीएआरचा पुरतो; केव्हीएआर हे अशा कंडेन्सरचं माप. जास्त लावला म्हणून जास्त फायदा, असं मात्र नाही.

थ्री फेजची मोटर टू फेजवर ओढायला लावतात तो कंडेन्सर निराळा. तिसऱ्या फेजचं सोंग तो वठवतो खरं, पण मोटरला ताकद कमी मिळते आणि वाइंडिंग तापतं. तासगावची द्राक्षबाग असो की कृष्णाकाठचा ऊस, पाण्याची पाळी आली की माणूस थांबत नाही, हे मला कळतं. तरी रात्रभर अशी मोटर चालवणं म्हणजे रिवाइंडिंगवाल्याला आमंत्रणच.

घरातलंही सांगतो. पंखा गुणगुणतोय, हातानं ढकलला की फिरतो; अशा वेळी बहुतेकदा कंडेन्सरच उतरलेला असतो. त्यावर 2.5 किंवा 3.15 मायक्रोफॅरॅड, जे छापलं असेल, तेवढ्याचाच नवा आणा. दुकानदार म्हणाला, 'थोडा मोठा घ्या, जोरात फिरेल', तरी ऐकू नका.

आणि एक. स्विच बंद केला तरी कंडेन्सरमध्ये वीज साठून राहिलेली असू शकते. पंपाचा असेल तर मेन स्विच पाडा, फ्यूज काढा, थोडा वेळ जाऊ द्या. मग दोन बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, जोडून त्यांच्या तारा टोकांना लावा. काही जण स्क्रू ड्रायव्हरनं ठिणगी काढतात, त्यात ड्रायव्हरचं टोकही जळतं. थ्री फेजच्या कंडेन्सरला तीन टोकं असतात. प्रत्येक जोडी तपासा आणि मगच हात घाला.