फलक कुणासाठी?

श्रोतेहो, नमस्कार.

२०१५च्या उन्हाळ्यात हंगेरीत रस्तोरस्ती सरकारी फलक लागले. ‘हंगेरीत येत असाल, तर हंगेरियन माणसाची नोकरी घेऊ नका.’ रोख होता सीरिया, अफगाणिस्तानातून येणाऱ्या निर्वासितांवर, आणि मजकूर मात्र हंगेरियन भाषेत! अलेप्पोहून पायपीट करत आलेल्या माणसाला तो कुठून वाचता येणार? लेकी बोले, सुने लागे. फलक पाहुण्यांच्या नावाने होता, पण वाचायचा होता तो घरच्या मतदाराने.

तिथल्या ‘दोन शेपट्यांचा कुत्रा’ नावाच्या विनोदी पक्षाने ही चलाखी ओळखली. वर्गणी काढून त्यांनी आपले फलक लावले, तेही इंग्रजीत: ‘आमच्या पंतप्रधानांबद्दल माफ करा.’ लोक हसले. मत मात्र हसून बदलत नाही.

हे पंतप्रधान म्हणजे व्हिक्टर ओर्बान. २०१० साली दोन तृतीयांश बहुमत मिळालं. २०१२पासून नवी राज्यघटना लागू झाली. न्यायाधीशांच्या निवृत्तीचं वय ७०वरून थेट ६२वर आणलं, म्हणजे अनेक अनुभवी न्यायाधीश एका फटक्यात घरी. आता सांगा, निवृत्तीच्या वयाचं कलम वाचून कुणाचं रक्त सळसळतं? लोकशाही टिकते ती असल्या रुक्ष कलमांवर, पण त्यांच्यासाठी सभेत कुणी घोषणा देत नाही. ‘ते येताहेत’ म्हटलं की मात्र मैदान पेटतं.

बरं, निर्वासितांपैकी बहुतेकांना जायचं होतं जर्मनीला. सर्बिया आणि क्रोएशियाच्या सीमांवर कुंपण झाल्यावर येणाऱ्यांची संख्या झपाट्याने घटली. तरीही २०१६च्या मार्चमध्ये स्थलांतराच्या नावाखाली देशभर आणीबाणीसदृश स्थिती जाहीर झाली, आणि पुढे तिची मुदत वाढतच राहिली. माणसं आटली, भीती आटून चालणार नव्हतं.

त्याच वर्षी २ ऑक्टोबरला सार्वमत झालं. युरोपीय संघाने सदस्य देशांत निर्वासित वाटून देण्याच्या विरोधात ९८ टक्के वैध मतं पडली. पण निम्म्याहून अधिक मतदार फिरकलेच नाहीत, त्यामुळे कायद्याने ते सार्वमत अवैध ठरलं. सरकारने ९८चाच आकडा मिरवला आणि असं वाटप रोखणारी घटनादुरुस्ती संसदेत मांडली. ती थोडक्या मतांनी पडली.

२०१८ साली ओर्बान पुन्हा दोन तृतीयांश बहुमताने निवडून आले. जूनमध्ये घटनादुरुस्ती झाली, आणि सोबत एक कायदाही: आश्रयाचा अर्ज भरायला संघटितपणे मदत करणाऱ्या हंगेरियन नागरिकालाच तुरुंगवास.