लिम्फोमा परत आला? आधी बायोप्सी, मग औषध

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली तुम्ही एकच प्रश्न लावून धरलाय: "डॉक्टर, आईचा फॉलिक्युलर लिम्फोमा परत आलाय, आता कुठलं इंजेक्शन?" ठाण्यातली ओपीडी आत्ताच संपलीये, इथूनच बोलते.

फॉलिक्युलर लिम्फोमा हा लसिकाग्रंथींचा कॅन्सर. तो हळू वाढतो, ट्रीटमेंटने दबतो आणि बऱ्याचदा काही वर्षांनी पुन्हा डोकं वर काढतो. हे तुम्हाला ठाऊक आहे, पुढे जाऊ.

मला आधी सांगा, बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं, पुन्हा केली का? "पहिली आहे ना!" अहो, ती जुन्या आजाराची. काहींमध्ये हा आजार रूप बदलतो, भराभर वाढणारा होतो आणि मग औषधंच वेगळी लागतात. घणसोलीचे एक काका आले होते. मानेतली गाठ हाताला लागत होती, म्हणून घरचे सगळे तिच्याच मागे. पेट स्कॅनमध्ये (आजार जिथे जास्त जोमात, तिथे तो जास्त चमकतो) मात्र पोटातली गाठ कितीतरी जास्त चमकत होती. तिचा तुकडा काढला, तर आजाराने रूप बदललेलं. म्हणून सांगते, सोयीची गाठ तपासू नका, सर्वांत जास्त चमकणारी तपासा. आणि बारीक सुईने नुसत्या पेशी ओढून घेणाऱ्या एफएनएसी तपासणीवर भागवू नका, नीट तुकडा हवा. "सुई लावली की कॅन्सर पसरतो" असं एका ताईंनी लिहिलंय. ताई, लिम्फोमात ही भीती मनातून काढून टाका. या भीतीपायी लोक महिने घालवतात, त्याचा मला फार त्रास होतो.

रिपोर्टमध्ये तोच जुना आजार निघाला, गाठी लहान आहेत, ताप-घाम नाही, वजन टिकून आहे? मग औषध न देता लक्ष ठेवणं हीसुद्धा ट्रीटमेंटच. एकाच जागी त्रास असेल तर कमी डोसचं रेडिएशन, अगदी दोन वेळा दिलं तरी बऱ्याचदा गाठ बसते.

औषध लागलंच, तर आधी काय दिलं होतं आणि ते किती टिकलं, यावर सगळं ठरतं. रिटुक्सिमॅब या लिम्फोमाच्या पेशींवर नेम धरणाऱ्या इंजेक्शनसोबत लेनालिडोमाइडच्या गोळ्या हा आज नेहमीचा पर्याय. रिटुक्सिमॅबआधी हिपॅटायटिस बीची तपासणी झालीच पाहिजे, जुना विषाणू पुन्हा उसळू शकतो. पहिल्या केमोनंतर दोन वर्षांच्या आत आजार परतला, तर जास्त सावध राहावं लागतं.

आता कार-टी, म्हणजे पेशंटच्याच टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढून, लॅबमध्ये बदलून परत देण्याची ट्रीटमेंट. पवईची आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेल्या नेक्सकार१९ या भारतीय कार-टीला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. आपल्या खारघरला टाटाचंच अॅक्ट्रेक हे कॅन्सर केंद्र आहे, त्यामुळे कमेंटमध्ये "थेट कार-टीच करू का?" ही रांग लागते. फॉलिक्युलरमध्ये साधारण दोन ट्रीटमेंट होऊनही आजार परतला, की हा विचार येतो. पुढे कार-टीची शक्यता असेल तर बेंडामस्टीन हे केमोचं औषध सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोला. त्या औषधाने टी-पेशी कमजोर होतात, आणि कार-टी त्याच पेशींपासून बनते.

सेकंड ओपिनियनला खारघरला किंवा परळच्या टाटा मेमोरियलला जाताना नुसती फाइल नेऊ नका. जुन्या आणि नव्या, दोन्ही बायोप्सींच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) लॅबमधून मागून घ्या. ते तुम्हाला मिळतात, फक्त अर्ज करावा लागतो.