फोडणीतली चिमूटभर हळद

श्रोतेहो, नमस्कार.

आहाराचा सल्ला विचारायला येणारे कितीतरी जण हल्ली पिशवीतून एक डबी काढून माझ्यासमोर ठेवतात. हळदीच्या कॅप्सूल. कुणी गुडघ्यांसाठी घेतंय, कुणी साखरेसाठी, कुणी प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून. मी विचारते, "घरी वरणात हळद घालता ना?" उत्तर येतं, "घालतो की, पण ती रंगापुरती." त्या रंगापुरत्या हळदीबद्दलच आज बोलायचं आहे, कारण रोजच्या माणसासाठी तीच खरी हळद आहे असं माझं ठाम मत आहे.

हळदीचा पिवळा रंग ज्या द्रव्याचा, त्याला कर्क्युमिन म्हणतात. १८१५ साली ते पहिल्यांदा हळदीतून वेगळं काढलं गेलं. हळदीवरचं बहुतेक संशोधन या एकाच द्रव्याभोवती फिरतं, आणि हळदीत ते असतं साधारण दोन ते पाच टक्के. चहाच्या चमच्याने पाव चमचा हळद दिवसभरात पोटात गेली, तर कर्क्युमिन मिळतं वीस-पंचवीस मिलिग्रॅम. एकेका कॅप्सूलमध्ये ते पाचशे मिलिग्रॅमसुद्धा असतं. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा ठरवली आहे ती शरीराच्या दर किलोमागे तीन मिलिग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला एकशे ऐंशी. हे आकडे एकदा शेजारी-शेजारी मांडून बघा.

शिवाय कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते विरघळतं तेला-तुपात. पोटात गेलं तरी अंगी लागतं फार थोडं, आणि यकृत त्याचा निचराही चटकन करतं. १९९८ साली बंगळूरमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की माणसाला कर्क्युमिनबरोबर काळ्या मिरीतलं पायपरीन दिलं तर ते रक्तात वीसपट उतरतं. आता आपलं स्वयंपाकघर आठवा. हळद आपण तेलात घालतो, आणि गोड्या मसाल्यात मिरी असतेच!

ही फोडणी मात्र नीट व्हायला हवी. तेल तापलं, मोहरी तडतडली, जिरं-हिंग पडलं, की गॅस बारीक करा आणि मगच हळद घाला. दोन-चार सेकंदांत तिचा कच्चा, मातकट वास जातो आणि तेल केशरी-सोनेरी होतं. त्याच क्षणी कांदा किंवा भाजी आत गेली पाहिजे. फोन घ्यायला वळलात तर हळद तपकिरी होते, करपते आणि अख्खी भाजी कडवट लागते. डाळ शिजवताना हळद-हिंग घालत असाल तर उत्तमच, फक्त पानात वरणावर तूप विसरू नका. मुगाच्या खिचडीवर तुपाबरोबर ताजी मिरपूड भुरभुरवून बघा. रात्री हळदीचं दूध घेणाऱ्यांनी साय काढलेलं दूध न घेता साधं घ्यावं, आणि त्यात मिरीची चिमूट टाकावी.

हळदीने मधुमेह बरा होतो, कर्करोग हटतो, असं कुणी सांगितलं तर कृपा करून विश्वास ठेवू नका. अर्काच्या मोठ्या मात्रेने गुडघेदुखीत थोडा आराम पडल्याचं काही लहान अभ्यासांत दिसलं आहे, पण ती भाजीतली हळद नव्हे. "पी हळद नि हो गोरी" असं होत नाही, हे आपल्या आज्यांना पक्कं ठाऊक होतं. रोजच्या डाळ-भाजीबरोबर वर्षानुवर्षं पोटात जाणं, हीच हळदीची रीत.

हळदीच्या या जुन्या ज्ञानासाठी एक लढाईही झाली, आणि आपल्या पुण्याला तिचा अभिमान वाटायला हवा. १९९५ साली अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर चक्क पेटंट दिलं गेलं. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं. तेव्हा परिषदेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, त्याआधी पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक. जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ सालचा एक भारतीय शोधनिबंध पुरावा म्हणून पुढे ठेवला गेला, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं.

आता खरेदीचं, कारण मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. हळद भडक दिसावी म्हणून हळकुंडांना लेड क्रोमेट, म्हणजे शिसं असलेला पिवळा रंग चोळतात. शिसं लहान मुलांच्या मेंदूला कायमचं नुकसान करतं. बांगलादेशात २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत ही भेसळ सापडली होती. सरकारने कडक कारवाई केली आणि २०२१ पर्यंत हे प्रमाण शून्यावर आलं. म्हणजे मनावर घेतलं तर हे थांबवता येतं.

उन्हाळ्यात वर्षाची हळद भरणाऱ्यांनी मार्केट यार्डात किंवा रविवार पेठेत सांगलीची राजापुरी किंवा वसमतची हळकुंडं मागावीत. चकचकीत नकोत, जराशी मळकट दिसणारी घ्या. घरी काचेच्या ग्लासात पाणी घेऊन त्यात एक हळकुंड टाका. चांगलं हळकुंड रंग सोडत नाही, रंग चोळलेलं लगेच सोडतं. मग गिरणीत उभं राहून दळून आणा. तयार पूड घेत असाल तर चमचाभर पूड पाण्यात टाका. ती तळाशी बसताना पाणी फिकट पिवळं व्हायला हवं, गडद झालं तर ती पूड परत करा.

पित्ताशयात खडे असतील, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर हळदीच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. अशा कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. चालू असतील तर डबीच घेऊन डॉक्टरांकडे जा. भाजीतली हळद बहुतेकांना चालते.

दळून आणलेली हळद उजेडात फिकी पडते. मोठा साठा घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात हिंगाचा खडा घालून ठेवा, आणि मिसळणाच्या डब्यात आठवड्याला लागेल तेवढीच काढा. नमस्कार.