उसानंच ओढलेला ऊस

श्रोतेहो, नमस्कार.

साखर कारखान्याच्या पट्ट्यात वाढलेल्या प्रत्येकाला हा खेळ आठवत असेल. चढाला ट्रॅक्टर दमला, ट्रॉल्यांचा वेग मंदावला की आम्ही पोरं मागून धावायचो आणि मोळीतला एखादा ऊस उपसून काढायचो. मोळी घट्ट आवळलेली असली की तळहात सोलून निघायचे. बऱ्याच वर्षांनी इंडोनेशियातल्या पूर्व जावात, सितुबोंदोजवळच्या ओलेआन कारखान्याच्या शिवारात, मी हीच झटापट पाहिली. पोरं तशीच, ऊस तसाच, पण पुढं ट्रॅक्टरऐवजी वाफेचं इंजिन होतं. आज तुमच्याशी बोलायचंय ते त्या इंजिनांबद्दल.

कोयता लागल्यापासून ऊस वाळायला लागतो. वजन घटतं, साखर घटते, उतारा पडतो. काट्यावर गाड्यांची रांग लागली की शेतकऱ्याचा जीव का वरखाली होतो, हे तुम्हाला सांगायला नको. तोडलेला ऊस लवकरात लवकर गव्हाणीत पडला पाहिजे, या एका गरजेतून जावात उसाची रेल्वे उभी राहिली.

सुट्या रुळांची युक्ती मात्र फ्रान्समधली. पॅरिसजवळच्या एका शेतात १८७५ च्या सुमारास बीटाचं पीक चिखलात अडकलं, तेव्हा पॉल दकोव्हील यांनी शिडीसारखे आयते जोडलेले रूळ तयार केले. उचलायचे, जमिनीवर टाकायचे, एकमेकांना जोडायचे. जावाला हे अगदी सोयीचं पडलं, कारण तिथं बहुतेक जमीन कारखान्याची नव्हती. ती शेतकऱ्यांकडून खंडानं घ्यायची आणि तिच्यात आलटून पालटून ऊस आणि भात. तोड आली की माणसं रुळांचे तुकडे खांद्यावर घेऊन फडात जायची. तिथल्या छोट्या वाघिणींना ते 'लोरी' म्हणतात. भरलेल्या लोऱ्या बैल नाहीतर रेडे ओढत पक्क्या मार्गापर्यंत आणायचे, कारण मऊ मातीवरच्या रुळांना इंजिनाचं ओझं पेललं नसतं. इंजिन बांधावर वाट बघत उभं. फड संपला की रूळ उचलले, आणि पुढच्या हंगामात त्याच जागी भाताची लावणी.

रुळांमधलं अंतर बहुतेक ठिकाणी ७०० मिलिमीटर. आपली नेरळ-माथेरान गाडी ६१० मिलिमीटरची, म्हणजे दोघी जवळपास बहिणीच. नातं तेवढ्यावरच थांबत नाही. माथेरानची मूळची चार वाफेची इंजिनं जर्मनीच्या ओरेनश्टाइन आणि कोपेल कंपनीनं बांधली, आणि जावाच्या साखर कारखान्यांना शेकडो इंजिनं पुरवली तीही याच कंपनीनं. घाटातलं अवघड वळण घेण्यासाठी माथेरानच्या इंजिनाला पोकळ आस दिले होते. आतला आस सरळ राहतो आणि बाहेरची नळी चाकांसकट थोडी कलते. जावातल्या कितीतरी आठचाकी इंजिनांत हीच करामत होती. फरक इतकाच, की तिथं वळण डोंगराचं नव्हतं, बांधाचं होतं.

पण मला त्या इंजिनाची खरी ओढ लागली ती त्याच्या आगीमुळे. शंभर किलो ऊस गाळला की तीसेक किलो ओलसर चिपाड उरतं. ते वाळवायचं, त्याचे गठ्ठे बांधायचे आणि इंजिनामागच्या टेंडरमध्ये, म्हणजे जळणाच्या डब्यात, छपरापर्यंत रचायचे. कालच्या उसाचं चिपाड जाळून आजचा ऊस ओढायचा. ऐकायला फार सोपं वाटतं. ओलेआनला मी आगवाल्याशेजारी उभा होतो. चिपाड कोळशासारखं धग धरून बसत नाही, कागदासारखं भसकन पेटतं. त्यानं तीन गठ्ठे आत लोटले आणि चौथा उचलेपर्यंत पहिल्याची राख झाली होती. हात एक क्षण थांबला की वाफेचा काटा खाली. मध्येच इंजिन उभं राहिलं. कोणी ओरडलं नाही, कोणी घाई केली नाही. आगवाला गठ्ठे टाकत राहिला, ड्रायव्हर काट्याकडं बघत राहिला, आणि दहाएक मिनिटांनी वाफ धरल्यावर गाडी हलली. धुराड्यातून ठिणग्या उडतात आणि दोन्ही बाजूंना वाळलेलं पाचट. म्हणून त्यांच्या धुराड्यांवर ठिणग्या अडवणारे मोठे फुगीर टोप दिसतात.

या इंजिनांचं कौतुक करताना त्यांच्याआधीचा काळ मला विसरता येत नाही. १८३० पासून डच सरकारनं जावाच्या शेतकऱ्यांना सरकारसाठी ऊस, नीळ, कॉफी पिकवायला भाग पाडलं होतं. १८७० च्या कायद्यानं उसाची सक्ती टप्प्याटप्प्यानं उठली, खाजगी भांडवल आलं, आणि त्याच्याबरोबर हे रूळ आले. सगळेच कारखाने मात्र डचांचे नव्हते. सुराकार्ताजवळचे दोन मोठे कारखाने तिथल्या राजघराण्यातल्या चौथ्या मांकुनेगारांनी काढले, १८६१ मध्ये चोलोमादू आणि १८७१ मध्ये तासिकमादू. मधाचा डोंगर आणि मधाचा सागर. त्यातला 'मादू' म्हणजे आपला मधु.

इतकी जुनी इंजिनं एकविसाव्या शतकापर्यंत टिकली कशी? त्यात आपलाही हात आहे. १९३० च्या आसपास जावात जवळपास १८० कारखाने होते, साखर तीस लाख टनांच्या घरात गेली होती, आणि भारत हे तिचं मोठं गिऱ्हाईक होतं. मग जागतिक मंदी आली. १९३२ मध्ये भारतानं आपल्या साखर धंद्याला जकातीचं संरक्षण दिलं. आपल्याकडे कारखाने वाढले आणि तिकडे बंद पडले. काही वर्षांतच जावाची साखर पाच-सहा लाख टनांवर आली. नवी इंजिनं घ्यायला पैसा कुठला? होती तीच जपली. त्यात हंगाम साधारण मे ते ऑक्टोबर, म्हणजे उरलेलं अर्धं वर्ष इंजिन खोलून दुरुस्त करायला मोकळं.

आणि एक गोष्ट आपल्या बागायतदारांनी ऐकावी अशी. आपल्या आजोबांनी ज्या ४१९ जातीच्या उसावर घरं बांधली, तो कोइमतूरला तयार झाला, पण त्याच्या जन्मदात्यांपैकी एक होता पीओजे २८७८. ती जात जावातल्या पासुरुआन संशोधन केंद्राची, १९२१ ची. जावाचं गिऱ्हाईक आपण तोडलं, पण तिचा ऊस आपल्या रानात वाढत राहिला.

पुढं ट्रक आले, रूळ उखडले गेले. जावातल्या त्रांगकिल कारखान्यासाठी १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये एक इंजिन बांधलं गेलं. कारखान्यांच्या कामासाठी ब्रिटनमध्ये बांधलेलं ते शेवटचं वाफेचं इंजिन. २००४ मध्ये त्याला शौकिनांनी परत मायदेशी नेलं. तासिकमादूच्या आवारात वाफेची गाडी पर्यटकांना फिरवू लागली.

ओलेआनहून निघताना संध्याकाळ झाली होती. आगवाल्यानं उद्यासाठी गठ्ठे रचायला घेतले होते, मीही हात लावला. गठ्ठा अगदी हलका, उन्हानं कोमट झालेला, आणि त्याला गुऱ्हाळाच्या चुलवाणासमोर बसल्यावर येतो तोच वास.